ड्रम सँडर घेऊ की जुना वाइड बेल्ट?

एका वाचकाचं पत्र: "माझं लाकूडकामाचं छोटं वर्कशॉप आहे. मी आणि दोन कारागीर. सॉलिड लाकडाचे कॅबिनेट शटर हे मुख्य काम, त्याशिवाय डायनिंग टेबल आणि मधूनमधून एंड ग्रेनचे (लाकडाच्या रेषांची कापलेली टोकं वर येतात असे) चॉपिंग बोर्ड. फळी सरळ करणारा प्लेनर आणि जाडी एकसारखी करणारा थिकनेसर आहेत, पण त्यापुढचं सगळं घासकाम हातातल्या ऑर्बिटल सँडरवर चालतं. एक माणूस अर्धा दिवस त्यातच अडकतो. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, नवा १६ इंची ड्रम सँडर, एका बाजूने उघडा. दुसरा, नवा २५ इंची, दोन ड्रमचा. तिसरा, बंद होत असलेल्या एका कारखान्यातला जुना ३७ इंची वाइड बेल्ट. त्याला थ्री फेज लागेल. ती मिळू शकते, अजून घेतलेली नाही. डस्ट कलेक्टर २ हॉर्सपॉवरचा आहे आणि कॉम्प्रेसर खिळे मारायच्या गनपुरता. काय घेऊ?"

नमस्कार,

ड्रम सँडरमध्ये फिरत्या नळकांड्यावर सँडपेपर गुंडाळलेला असतो, वाइड बेल्टमध्ये सँडपेपरचा रुंद अखंड पट्टा फिरतो, आणि फळी त्याखालून सरकते. दोन ड्रमवाला पर्याय आधी यादीतून काढून टाका, म्हणजे डोकं जरा मोकळं होईल. कागदावर तो फार शहाणा वाटतो. पुढच्या ड्रमवर ८० नंबरचा खरखरीत पेपर, मागच्यावर १२० चा बारीक, एका फेरीत दोन कामं. प्रत्यक्षात मागचा ड्रम पुढच्यापेक्षा नेमका किती खाली ठेवायचा यावर सगळा खेळ असतो आणि ही उंची केसभर चुकली तरी पुरतं. कमी उतरवला तर ८० नंबरचे ओरखडे तसेच राहतात. जास्त उतरवला तर १२० नंबरला ८० चं काम करावं लागतं आणि तो जळतो. शिवाय पेपरचा नंबर बदलला की त्याची जाडी बदलते, म्हणजे पुन्हा सेटिंग. वर्षभर एकाच जातीचं काम करणारे आणि पेपरची जोडी कधीच न बदलणारे लोक या मशीनवर खूश असतात. सकाळी शटर आणि दुपारी चॉपिंग बोर्ड करणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

उरले दोन. तुम्ही पत्रात १६ इंच आणि ३७ इंच अशी रुंदीची तुलना केली आहे. मी पेपरची लांबी आधी बघेन.

ड्रम सँडरचा ड्रम साधारण ५ इंच व्यासाचा असतो. म्हणजे परीघ १५.७ इंच. पेपरवरचा एकेक कण दर १५.७ इंचांनी पुन्हा लाकडावर आपटतो, मधे थंड व्हायला त्याला वेळच नाही. ३७ इंची वाइड बेल्टचा पट्टा बऱ्याचदा ७५ इंच लांबीचा असतो. तिथे तोच कण पावणेपाच पट अंतर मोकळ्या हवेतून फिरून येतो, अंगावरची धूळ झटकतो आणि निवतो. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर १६ इंची ड्रमवर सुमारे २५० चौरस इंच पेपर असतो आणि ३७ बाय ७५ च्या पट्ट्यावर २७७५. अकरा पट. वाइड बेल्ट एका फेरीत जास्त खोल घेतो, वेगाने घेतो आणि तरी लाकूड जाळत नाही. त्याची मोटर मोठी असते हे खरं, पण तेवढी मोटर ड्रमला लावली असती तर पेपर आणखी लवकर जळाला असता.

ड्रमवर लाकूड जळतं कसं ते जवळून बघण्यासारखं आहे. पाइनची चिकट फळी किंवा ग्लूचे ओघळ न खरवडलेला पॅनेल ड्रमखालून घाला. पेपरवर एका जागी राळ किंवा ग्लू चिकटतो. वाटाण्यापेक्षाही लहान, चकचकीत काळा ठिपका. तो ठिपका आता घासत नाही, नुसता रगडतो आणि तापतो. पुढची प्रत्येक फळी बाहेर येते ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ तपकिरी रेघ घेऊन. ही रेघ वरवरची नसते. हाताने काढायला गेलात तर ड्रमने वाचवलेला वेळ तिथेच परत जातो. तापलेला पेपर सैलही होतो. ड्रमवर पट्टी तिरकी गुंडाळलेली असते, तिची दोन टोकं क्लिपमध्ये अडकवलेली. सैल झाली की एक वेढा शेजारच्या वेढ्यावर चढतो आणि चढलेल्या कडेवर पुन्हा रेघ.

उपाय आहेत. फेरीची खोली कमी करा, फळी सरकण्याचा वेग थोडा वाढवा, फळी सरळ न घालता जरा तिरकी घाला, क्रेप रबराच्या कांडीने पेपर वरचेवर साफ करा, ग्लू आधीच खरवडून घ्या. ड्रम सँडर नीट चालवणारी माणसं हे सगळं न सांगता करतात. पण ही माणसाच्या सवयीवर चालणारी व्यवस्था आहे. कारागीर घाईत असला की पहिली गोष्ट करतो ती म्हणजे हँडल अर्धा फेरा जास्त फिरवतो. ८० नंबरवर एका फेरीत ०.४ मिलिमीटर ही ड्रमची वरची हद्द समजा. रुंद पॅनेलवर किंवा टणक लाकडावर त्याच्या निम्मंच. १२० च्या पुढे तर नुसता स्पर्श.

आता तुमच्या शटरचा ढोबळ हिशोब मांडू. समजा २० शटर, प्रत्येक ७० सेंटिमीटर लांब. ड्रमवर एका बाजूला ८० नंबरच्या तीन आणि १२० ची एक अशा चार फेऱ्या. दोन्ही बाजू धरून १६० फेऱ्या. उचलणं, फिरवणं, पुन्हा लावणं धरून एकीला अर्धं मिनिट. म्हणजे ८० मिनिटं, शिवाय पेपर बदलायची खटपट वेगळी. वाइड बेल्टवर प्रत्येक बाजूला दोन फेऱ्या पुरतात, म्हणजे ८० फेऱ्या. वेग जास्त असल्याने एकीला पंधरा सेकंद धरा. २० मिनिटं. मधे पट्टा बदलायला एखाद-दोन मिनिटं, कारण तिथे दांडा सोडायचा, पट्टा ओढून काढायचा, दुसरा चढवायचा, एवढंच काम असतं. आकडे तुमच्या लाकडाप्रमाणे हलतील, पण चौपटीच्या आसपासचा हा फरक फारसा हलणार नाही.

या हिशोबात एक अट लपलेली आहे. हा फरक तुम्हाला दर आठवड्याला उपयोगी पडतो का? शटर रोज होत असतील तर होय. महिन्यातून एकदा २० शटरची ऑर्डर येत असेल तर वाचलेल्या एका तासासाठी तुम्ही वर्कशॉपची वीज, हवा आणि धुळीची व्यवस्था उपटून नव्याने बसवणार आहात. तुमच्या पत्रात शटर हे मुख्य काम आणि अर्धा माणूस रोज घासण्यात, असं आहे. त्यामुळे माझं मत वाइड बेल्टकडे झुकतं. पण त्या जुन्या मशीनबद्दल पुढे जे लिहितो आहे ते सगळं जमत असेल तरच.

त्याआधी ड्रमची बाजू मांडतो, नाहीतर अन्याय होईल. एंड ग्रेनचा चॉपिंग बोर्ड थिकनेसरमध्ये घालणं हा धोका आहे. बाहेर पडताना मागची कड उखडते आणि कधी अख्खा बोर्ड उलटा फेकला जातो. ड्रम सँडर ते काम निवांतपणे करतो, फक्त एंड ग्रेन लवकर जळतं म्हणून फेऱ्या अगदी उथळ ठेवायच्या. आखूड तुकडेही ड्रमवर सोपे. तुकडा कायम दाबाच्या रोलरखाली धरलेला असायला लागतो आणि वाइड बेल्टमध्ये हे रोलर एकमेकांपासून लांब असतात, म्हणून त्यात घालायच्या तुकड्याची किमान लांबी बरीच जास्त असते. मॅन्युअलमध्ये ती दिलेली असते, ती पाळायचीच. जागा कमी, सिंगल फेजवर चालतो, तुमचा सध्याचा डस्ट कलेक्टर त्याला पुरेल. हौशी माणसाला किंवा एकेक वस्तू सुटी करणाऱ्याला मी डोळे झाकून ड्रमच सांगेन.

एका बाजूने उघडा ड्रम १६ इंची असला तरी त्याच्यावर "३२ इंचांपर्यंत" असं लिहिलेलं असतं. फळी एकदा घालायची, मग फिरवून दुसरी बाजू घालायची. होतं तसं. पण उघडं टोक कंव्हेयरशी (फळी सरकवणाऱ्या खालच्या पट्ट्याशी) तंतोतंत समांतर असलं किंवा किंचित खाली झुकलेलं असलं तर टेबलटॉपच्या मधोमध एक बारीक पायरी उमटते. ते टोक कागदाच्या जाडीइतकं वर ठेवावं लागतं. मग पुन्हा अरुंद काम करताना ते समांतर आणायचं, नाहीतर फळी एका बाजूला जाड. रोज टेबलटॉप करणार असाल तर हा खेळ कंटाळा आणतो, वर्षात चार टेबलं असतील तर काहीच नाही.

दोन्ही मशीनकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नका. पिळलेली फळी सँडर सरळ करत नाही. रोलर तिला दाबून कंव्हेयरवर सपाट करतात, वरून घासलं जातं, बाहेर पडली की ती पुन्हा मूळ पिळावर येते. आता फक्त पातळ झालेली असते. सरळ करणं प्लेनरचं काम आणि ते तुमच्याकडे आहे. तसंच थिकनेसरने जे दोन मिलिमीटर काढायचे ते सँडरवर काढू नका, पेपर फुकट जातो.

आणि ऑर्बिटल सँडर विकूही नका. शटरच्या चौकटीत उभ्या पट्ट्यांवर मशीन लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासतं, पण आडव्या पट्ट्यांवर तेच ओरखडे रेषेला काटकोनात पडतात. पॉलिशचा पहिला हात फिरला की ते उठून दिसतात. १५० पर्यंत मशीनवर आणि मग १५० किंवा १८० चा एक हात ऑर्बिटलने, हे राहणारच. अर्ध्या दिवसाचं काम तासाभरावर येईल, शून्यावर नाही.

आता त्या जुन्या ३७ इंचीकडे येऊ. तिथे आधी मशीनचं हेड, म्हणजे घासणारा भाग, कसलं आहे ते विचारा. पट्ट्याच्या आत जो रोलर लाकडाला टेकतो त्याच्यावर रबर असतं. कडक रबर जाडी एकसारखी करतं, मऊ रबर शेवटचा गुळगुळीत हात देतं. काही मशीनमध्ये रोलरच्या जोडीला एक सपाट पट्टी असते, तिला प्लेटन म्हणतात. फेल्टची गादी आणि वर ग्रॅफाइट लावलेलं कापड. रोलर लाकडाला एका बारीक रेषेवर टेकतो, प्लेटन लाकडाच्या रुंद भागावर टेकतो. त्यामुळे रोलरने सोडलेल्या सूक्ष्म लाटा प्लेटन पुसून टाकतो. रोलर आणि प्लेटन दोन्ही असलेलं कॉम्बिनेशन हेड असेल तर तुमच्या शटरसाठी ते उत्तमच. व्हिनियरच्या (वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या) प्लायवर मात्र जपून. आजकालचं व्हिनियर अर्ध्या मिलिमीटरहून पातळ असतं आणि या मशीनला अर्धा मिलिमीटर म्हणजे एक फेरी.

मशीनचा सौदा करायच्या आधी त्याच्या भोवतालचा हिशोब करा, कारण माणसं इथेच फसतात. ३७ इंची मशीनला १५ हॉर्सपॉवरची मोटर असणं अगदी सामान्य आहे. ती चालू असताना डस्ट कलेक्टर चालू हवा आणि कॉम्प्रेसरही. १५ अधिक डस्ट कलेक्टरचे ५ अधिक कॉम्प्रेसरचे ३, म्हणजे २३ हॉर्सपॉवर. सुमारे १७ किलोवॅट, एकाच वेळी. थ्री फेजचा अर्ज करताना फक्त मशीनच्या पाटीवरचा आकडा लिहू नका, ही बेरीज लिहा आणि मोटर सुरू होताना लागणारा जादा प्रवाह इलेक्ट्रिशियनला धरायला सांगा.

हवा का लागते? पट्टा ताणला जातो तो हवेच्या दाबावर, आणि तो एका बाजूला सरकत जाऊ नये म्हणून डावी-उजवीकडे झुलत ठेवतात तेही बहुधा हवेवरच. सहा बारच्या आसपास दाब सतत टिकावा लागतो. दाब पडला की मशीन थांबतं, आणि न थांबता पट्टा सरकला तर तो कडेला घासून फाटतो. खिळ्यांच्या गनचा कॉम्प्रेसर घटकाभर हवा देतो आणि मग धापा टाकतो. मोठा लागेल, आणि हवा कोरडी लागेल.

धुळीचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. सँडरची धूळ रंध्याच्या भुश्यासारखी जड नसते. ती हवेत तरंगते आणि नाकातोंडात जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या यादीत घातलं आहे. मास्कवर भागवायची ही गोष्ट नाही. पाइपमधून धूळ खाली न बसता वाहत राहायची तर हवेचा वेग मिनिटाला ४००० फुटांच्या आसपास हवा. त्या वेगाने ४ इंची पाइपमधून साधारण ३५० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा जाते आणि ६ इंचीतून जवळजवळ ८००. ३७ इंची मशीनला बहुतेकदा एकाहून जास्त तोंडं असतात. त्यांची गोळाबेरीज तुमच्या २ हॉर्सपॉवरच्या कलेक्टरला झेपणार नाही. झेपवायचा प्रयत्न केलात तर धूळ आत साचते, पट्टा भरतो, लाकूड जळतं, आणि एखादा राहिलेला खिळा पट्ट्याला लागून ठिणगी उडाली तर त्या साचलेल्या धुळीत ती कुठे जाईल ते सांगायला नको. सँडरमध्ये जाणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर खिळे आणि स्टेपल शोधायची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा.

ही तीन कामं होईपर्यंत मशीन घरी आणून ठेवू नका. तोवर जवळपास ज्याच्याकडे वाइड बेल्ट आहे त्याच्याकडे शटर नेऊन तासाच्या दराने घासून आणा. बरेच वर्कशॉपवाले हे काम घेतात. दोन महिन्यांत तुम्हाला कळेल की तुमच्या कामाला खरोखर किती तास लागतात. ते तास अगदीच कमी निघाले तर बाहेरूनच घासून घेत राहा आणि चॉपिंग बोर्डांसाठी १६ इंची ड्रम घ्या. थ्री फेज अडकली तरीही तेच करा. याला मी माघार म्हणणार नाही, कित्येक चांगली वर्कशॉप अशीच चालतात.

तास भरपूर निघाले आणि वीज आली, तर जुनं मशीन बघायला जा. हे मशीन टनाच्या आसपास वजनाचं असतं, तेव्हा दाराची रुंदी आणि जमिनीची ताकद आधी मोजून ठेवा. तिथे पट्टा उतरवायला लावा. रोलरचं रबर बोटांनी चाचपा. कडक होऊन चकाकायला लागलं असेल, भेगा असतील, खाच पडली असेल तर ते नव्याने चढवून घासून घ्यावं लागेल, आणि हे काम तुमच्या ओळखीत कोण करतो ते आजच विचारून ठेवा. रोलर हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका. प्लेटनचं ग्रॅफाइट कापड झिजलेलं असलं तर हरकत नाही, ते बदलायचंच असतं. कंव्हेयरच्या कडा आणि पकड बघा. पट्ट्याचा आकार विचारा. ३७ बाय ६० किंवा ३७ बाय ७५ असेल तर पट्टे सहज मिळतील. काहीतरी वेगळाच आकार असेल तर प्रत्येक पट्टा मागवून करून घ्यावा लागेल आणि तेवढ्याचसाठी मी सौदा सोडून देईन. मशीन चालू असताना इमर्जन्सी स्विच दाबून ब्रेक किती वेळात पट्टा थांबवतो तेही बघा. विकणारा "त्याची काही गरज पडत नाही" म्हणाला, तर ब्रेक बंद आहे असं समजा.

शेवटी जाताना एमडीएफचा ३६ इंच रुंद तुकडा, पेन्सिल आणि कॅलिपर सोबत न्या. तुकड्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत पेन्सिलच्या नागमोडी रेघा मारा आणि मशीनमधून अगदी उथळ फेरी घ्या. रेघा सगळीकडे सारख्याच फिक्या झाल्या तर रोलर आणि कंव्हेयर समांतर आहेत. एका बाजूच्या पुसल्या आणि दुसरीकडच्या तशाच राहिल्या तर समांतर करायचे स्क्रू असतात, ते तिथल्या तिथे फिरवून घ्या आणि पुन्हा फेरी मारा. मधेच रेघांचा एखादा भाग न पुसलेला राहिला तर रोलर खपलेला आहे, तो स्क्रूने सुटत नाही. मग तुकडा पूर्ण साफ होईपर्यंत घासा आणि चार कोपऱ्यांवर कॅलिपर लावा. ०.१ मिलिमीटरच्या आत फरक असेल तर तुमच्या शटरला पुरे. वीज तोडलेली आहे, मशीन चालवून दाखवता येणार नाही, असं ऐकायला मिळालं, तर वीज असेल त्या दिवशी पुन्हा येतो म्हणून सांगा आणि ॲडव्हान्स देऊ नका.